केवढ्याला गेलं

आमच्या घरात गाणं नव्हतं. हळद होती.
कॉलरला, पासबुकाला, चहाच्या बशीला.
अण्णा अडतीवर सौदे करायचे जुन्या रीतीनं,
रुमालाखाली हात घालून.
वर पावसापाण्याच्या गप्पा, खाली बोटं बोलायची.
मी पोत्यावर बसून नुसता रुमाल बघायचे:
दोनदा दाब, मग थांबणं, मग एक चिमटा.
ह्याला ताल म्हणतात, हे फार नंतर कळलं.

गिटार आली विश्रामबागच्या होस्टेलातून,
नापास होऊन गावी निघालेल्या पोराकडनं.
साडेआठशे रुपये, वर त्याचं मेसचं थकलेलं बिल.
मान मोडलेली. शालीत गुंडाळून
सिटीबसमध्ये मांडीवर घेतली
तर कंडक्टर हळूच म्हणाला, "ताप आहे का?"

मिरजेत दस्तगीरचाचांनी ती उलटी केली, सुलटी केली,
लाकडाचा वास घेतला.
"हे आमचं काम न्हवं. आमचं भोपळ्याचं."
आणि तीन आठवडे ठेवून घेतली.
परत दिली तेव्हा घोडी हाडाची होती,
आणि तार सोडली तरी सूर संपत नव्हता,
कडेकडेनं मधमाशीसारखा रेंगाळायचा.
"थोडी जवारी काढली. राहवलं न्हाई."
पैसे मात्र मोजून घेतले.

दिवसा मी पतसंस्थेची पिग्मी गोळा करते.
टायरवाला, रसवंती, झेरॉक्स, मटण शॉप.
पावती पुस्तकाच्या पाठीवर ओळी.
एकदा गाडवे शेठनी चष्मा वर केला:
"'उद्या ये म्हणणारी दारं' हा कुठला खातेदार?"

घरात टीव्ही, भिंतीपलीकडं पिठाची गिरणी.
म्हणून हरिपूर. आत्याच्या परसात
एक पेव होतं, महापुरात पाणी शिरल्यापासून रिकामं.
वर तोंड एवढंसं, खाली पोट रांजणासारखं.
"आधी कंदील सोडायचा," आत्या म्हणाली,
"विझला तर उतरायचं न्हाई."
कंदील तळाला गेला, जळत राहिला.
माझीच हिंमत झाली नाही.
तोंडाशी ओणवी होऊन मी फक्त "आ" म्हटलं.

खालून जी परत आली
ती माझ्यापेक्षा थोडी थोराड होती,
थोडी दमलेली, आणि अजिबात लाजत नव्हती.

मग कंदिलाच्याच दोरीला फोन बांधला.
सात रात्री, पाच गाणी.
तिसऱ्यात बेडूक आहेत, अंकलीकडं जाणारा ट्रक आहे,
आणि शेवटी आत्या विचारते, "च्या टाकू का?"
ते तसंच ठेवलंय.

पुण्याहून एकांचा फोन आला.
आवाज उत्तम. पण मागची ती गुणगुण काढता येईल?
आणि जरा ठसका, तुमच्या भागातला?
मी रसवंतीसमोर उभी होते, घुंगरं वाजत होती.
नाही म्हणाले.
आयुष्यात इतकं सुटं "नाही" मी कुणाला म्हटलं नव्हतं;
पिग्मीवाली आहे, मला फक्त ऐकायची सवय.

गाणी माझी मीच सोडली.
कोण ऐकतं माहीत नाही. एक बाई लिहिते की
डायलिसिसला बसल्यावर तिसरं लावते,
चहा येईपर्यंत.

मार्चअखेर पहिले पैसे जमा झाले.
अण्णा आता घरीच. सौदे आता पडद्यावर,
आकडे उघडे, सगळ्यांसमोर.
जेवता जेवता, ताटातून मान न काढता विचारलं,
"केवढ्याला गेलं?"

सांगायला तोंड उघडलं, मिटलं.
त्यांच्या खांद्यावरचा रुमाल ओढला,
त्यांचा उजवा हात खरकटा, म्हणून डावा घेतला,
आणि झाकून दाबत गेले
एक. मग सात. मग तीन.

ते वाट बघत राहिले, अजून काही येतंय का.
आई म्हणाली, आमटी गार होतेय.
मग अण्णांनी पंख्याकडं बघत,
व्यापाऱ्यासारखा चेहरा करून,
माझ्या तळव्यात एक बोट वाढवलं.